तिसऱ्या कडव्यापाशी

सावित्रक्काचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघत होते. "गिरणी काढतोय, जागा पाडणार आहेत," ती कन्नडमध्ये म्हणाली, "वरच्या खोलीत तुमच्या गाण्याचं काय काय पडलंय. येऊन घेऊन जा, नाहीतर भंगारवाला नेईल." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. सावित्रक्का पूर्वीपासून अशीच. दळण घेऊन गेलं की डब्यात हात घालून धान्य चाचपायची, 'सरी', ठीक, एवढंच म्हणायची आणि गिरणी सुरू करायची. तिच्याकडून याहून जास्त शब्द काढणं भल्याभल्यांना जमलं नव्हतं.

त्या शनिवारी इलेक्ट्रॉनिक सिटीहून निघाले, आर. व्ही. रोडला मेट्रो बदलली आणि संपिगे रोडला उतरले. सरळ रस्ता सोडून मुद्दाम फुलांच्या बाजारावरून गेले. शेवंतीचे ढीग, अबोलीचे गजरे, ओल्या केळीच्या पानांचा वास आणि मधूनच कॉफी दळणाऱ्या दुकानाचा कडवट दरवळ. मल्लेश्वरममध्ये माझं नाक माझ्या पायांच्या पुढे चालतं, लहानपणापासून. गिरणीच्या गल्लीत वळले तेव्हा त्या नाकाला रागीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचा वास हवा होता. तो नव्हता. गिरणी बंद होऊन आठवडा झाला होता म्हणे.

त्या गल्लीत मी पहिल्यांदा कधी गेले ते आठवत नाही, इतकी लहान असेन. आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्या आहे हे विचारलं तर आई नुसता हात हलवते. ती मराठीतून रागावते आणि कन्नडमधून भाजी घेते. दिवाळी तोंडावर आली की भाजणी दळून आणायचं काम माझ्याकडे असायचं. "स्वल्प थांब गं, भाजणी निवू दे," ती म्हणायची, आणि डबा हातात देताना दर वर्षी तेच, "रागीवर दळू देऊ नकोस हं. आधी मूठभर तांदूळ टाकून जातं साफ करायला सांग अक्काला. मागच्या साली चकल्या काळ्या झाल्या." मागच्या साली म्हणजे मी चौथीत असताना. तो काळा घाणा आई कधीच विसरली नाही.

अशीच एका दिवाळीआधी, नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती तेव्हा, मी गिरणीत भाजणीचा डबा घेऊन उभी होते. दाणे दगडाखाली जात होते, धने-जिऱ्याचा खमंग वास सुटला होता आणि गिरणीची एकसुरी घरघर चालली होती. ती घरघर माझ्या इतक्या ओळखीची, की तिच्यात आपला सूर मिसळून गुणगुणत उभं राहायची मला सवयच होती. आणि मग वरून एक आवाज आला. बाईचा, उंच, पण धारदार नव्हे. गिरणीच्या त्या घरघरीवर तो आवाज सावकाश वर चढत होता, वळत होता, पुन्हा खाली येऊन त्याच सुरावर टेकत होता. भाषा कुठली ते कळेना. रागही कुठला म्हणावा ते कळेना. भैरवीच्या शेजारून गेल्यासारखा वाटला आणि लगेच निराळ्याच वाटेला लागला.

"वर भाड्यानं आलीय," सावित्रक्का म्हणाली. तिच्या भुवयांवर पीठ होतं. "त्या इन्स्टिट्यूटमधली. गिरणीच्या आवाजाला सगळे कंटाळून जातात, ही म्हणाली ह्या आवाजासाठीच राहते. रोज गिरणी सुरू झाली की गाते."

तेवढ्यात वीज गेली. गिरणी हुं करत थांबली आणि वरचा आवाजही मध्येच तुटला. माझी भाजणी निम्मी दगडात, निम्मी डब्यात. मी मात्र गुणगुणायचं थांबले नव्हते, माझ्या लक्षातच आलं नाही. गिरणीचा सूर माझ्या घशात चालूच राहिला. मग तो आवाज जिथं तुटला होता तिथूनच पुन्हा सुरू झाला, माझ्या सुरावर. मी घाबरून डबा घट्ट धरला, पण सूर सोडला नाही. का सोडला नाही, देव जाणे. कडवं संपल्यावर जिन्यावर चपला वाजल्या आणि एक काळ्याभोर केसांची, मोठ्या नाकाची मुलगी खाली आली. "तो सूर कुणाचा होता?" तिनं इंग्रजीत विचारलं. सावित्रक्कानं पिठानं माखलेलं बोट माझ्याकडे केलं.

ती लुसीने. आर्मेनियाची. धातूंवर संशोधन करायला दोन वर्षांसाठी आली होती आणि तीन राहिली. गात होती ते शारकान, म्हणजे त्यांच्या चर्चमधलं जुनं स्तोत्र. तिचे वडील एका डोंगरातल्या गावात वायरिंगची कामं करायचे आणि रविवारी चर्चमध्ये गायचे. हे पहाटेचं स्तोत्र त्यांनीच तिला शिकवलेलं. ते गाताना खाली कुणीतरी एकच सूर धरून ठेवावा लागतो. त्याला त्यांच्यात 'दम' म्हणतात, हे ऐकून मी हसले तर तिनं कारण विचारलं, आणि आमच्यातही दम धरतात हे तिला सांगताना माझी भलतीच दमछाक झाली. ती म्हणाली, "मग ये रविवारी. रविवारी गिरणी बंद असते."

रविवारी गेले तर वर ग्लॅडविन होता. हा मंगळुरूचा, होसकोटेच्या एका कारखान्यात नोकरीला, मे महिन्यातसुद्धा काळा शर्ट घालणारा. बेस गिटार वाजवायचा आणि त्याच्याकडे एक पेटी होती, तिच्यातून ढोलासारखे, घंटेसारखे, रिकाम्या विहिरीत दगड पडल्यासारखे आवाज निघायचे. त्याला डार्कवेव्हचं वेड होतं. म्हणजे काय असं मी विचारलं तर त्यानं कानाला हेडफोन लावले. संथ, काळोखं संगीत, प्रत्येक सुराच्या मागं त्याचा प्रतिध्वनी लांबवर रेंगाळणारा. मला वाटलं, मला आवडणार नाही. तासाभरानं त्यानं हेडफोन परत मागितले तर मी दिले नाहीत.

तर असा आमचा बँड. आर्मेनियाची स्तोत्रं, मंगळुरूचा काळोख आणि खाली सूर धरून मी. नाव ठेवलं 'खुंक'. त्यांच्या भाषेत धूप. आई म्हणाली, "खोकल्याचं औषध वाटतंय गं." आणि मग, "आर्मेनिया म्हणजे कुठं? दिल्लीच्या वर?" मी म्हटलं, खूप वर.

डार्कवेव्हची तालीम रविवारी सकाळी दहा वाजता, हे ग्लॅडविनचं मोठं दुःख होतं. खिडकीतून मल्लेश्वरमचं स्वच्छ पिवळं ऊन सरळ त्याच्या पेटीवर पडायचं. त्यानं खिडक्यांना घोंगड्या टांगल्या, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले. तो माझ्याशी कोंकणीत बोलायचा, मी त्याच्याशी मराठीत, आणि आम्हाला दोघांना वाटायचं की समोरचाच जरा चुकीचं बोलतोय. "कितें गो, काळोख लागता ह्या गाण्याक," तो म्हणायचा. काळोख व्हायचा, पण रस्ता गप्प बसायचा नाही. पालेभाजीवाली "सोप्पू, सोप्पू" ओरडत जायची, आणि एकदा तिची ती हाक एका छोट्या गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये अशी नेमकी येऊन बसली की ग्लॅडविननं ती काढलीच नाही. उलट तिच्यावर प्रतिध्वनी चढवला. चारशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या मठातून कुणी हाक मारतंय असं वाटायचं. एक मेथीची जुडी विकायची हाक ती.

त्या खोलीच्या वासाचं मी काय सांगू? खालून आठवडाभराचं पीठ जिन्यानं वर चढलेलं असायचं, गहू, तांदूळ, रागी. लुसीने एका वाटीत निखारा ठेवून धूप टाकायची. वडिलांनी पाठवलेले सुकवलेले जर्दाळू कपाटात असायचे, त्यांचा आंबटगोड वास. दुपारी ती डोशाच्या तव्यावर तिच्याकडची पातळ पोळी भाजायची, पापडासारखी, लांबच लांब. सावित्रक्काला ती पोळी बघवायची नाही. "अगं मगळे, जाळतेस ती," म्हणत ती तिच्या हातातून उलथनं घ्यायची. मगळे म्हणजे पोरी. पुढे लुसीनेला कुणी नाव विचारलं की ती आधी मगळे सांगायची आणि मग खरं नाव. फेब्रुवारीत गल्लीतली गुलाबी झाडं फुलायची आणि घोंगडीच्या फटीतून पाकळ्या आत यायच्या. युगादीला आई कडुनिंब आणि गूळ पाठवायची. डिसेंबरच्या थंडीत आम्ही शाली पांघरून गायचो आणि मध्येच थांबून हात चोळायचो. तीन वर्षं म्हणजे किती? तेव्हा वाटायचं, हे असंच चालायचं.

आता माझ्या खोडीबद्दल सांगितलं पाहिजे.

मी लहानपणापासून आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवली. मास्तरांनी शिकवलेली पहिली गोष्ट ही, की गाणारा जाईल तिथं पाठोपाठ जायचं. त्यानं वर घेतलं, तू वर. त्यानं हरकत घेतली, तूही तिच्या मागं. "गाणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, बाळ," मास्तर म्हणायचे, "साथ म्हणजे तेच." वीस वर्षं माझी बोटं हेच करत आली होती. आणि इथं नेमकं उलटं. लुसीने कुठंही जावो, मी जागची हलायचं नाही. ती वर गेली की माझा गळा आपोआप तिच्यामागं निघायचा. एखाद्या श्रुतीनं सरकायचा आणि ती गाता गाता हात वर करायची. थांब. पुन्हा.

ती कधी चिडली नाही. तिच्या वडिलांचं एक वाक्य होतं, ते सांगायची. दम म्हणजे घराची जमीन. जमीनच चालायला लागली तर माणसानं उभं कुठं राहायचं? "तू माझ्याबरोबर येऊ नकोस, जान," ती म्हणायची. जान त्यांच्यात सगळ्यांनाच म्हणतात, रिक्षावाल्यालासुद्धा, हे मला माहीत होतं. तरी मला ते दर वेळी खास माझ्यासाठीच वाटायचं. "मला एकटीला जाऊ दे. तू इथंच राहिलीस तर मला परत यायला जागा राहील."

मी शिकले. श्वास चोरायला शिकले, तिचा आवाज भरून आला की त्याच्या आडोशाला पटकन घ्यायचा. ग्लॅडविनची तार तेवढा क्षण मला सांभाळून घ्यायची. सूर हलेनासा झाला. पण ओठ हलायचे, मनातल्या मनात मी तिच्या मागं मागं सगळं गातच असायचे. घरी भांडी घासताना तर मोकळेपणानं, पाचही कडवी, एका अक्षराचा अर्थ माहीत नसताना. "काय गं ते रडकं?" आई म्हणायची. महिन्याभरानं तीच पोळ्या लाटताना ते गुणगुणत होती. मी तोंडावर हात ठेवून हसले.

मला ती फार आवडायची. आज इतक्या वर्षांनी हे लिहायला काय हरकत आहे? तिचा आवाज वर निघाला की मला वाटायचं, मलाही घेऊन जा. मी इथं गिरणीसारखी एका जागी घरघरत बसू आणि तू एकटी तिथं, असं का? जमीन व्हायचं सगळ्यांनाच जमतं असं नाही. मला तर मनापासून नको होतं.

आमचा लोकांसमोरचा एकच कार्यक्रम झाला. शहरातलं एक छोटं सभागृह, रविवारची संध्याकाळ. डोळ्यांत भरपूर काजळ घातलेली, काळ्या कपड्यांतली कॉलेजची पोरं आली होती, आणि त्यांच्या मधोमध पहिल्या रांगेत सावित्रक्का, रेशमी साडी, डोक्यात मोगरा. शेजारी माझी आई, मांडीवर चकलीचा डबा. लुसीनेचं परतीचं तिकीट तोवर आलेलं होतं. तीन आठवड्यांनंतरचं. मला ते आदल्या दिवशी कळलं.

पहाटेचं स्तोत्र शेवटी ठेवलं होतं. पहिली दोन कडवी इतकी छान झाली की ग्लॅडविननं मान वर करून माझ्याकडे बघितलं, तो कधी बघायचा नाही. तिसऱ्या कडव्यात चाल खूप वर जाते आणि तिथं थांबते, बराच वेळ. ती वर गेली. आणि मी तिच्यामागं गेले.

मुद्दाम नाही. पण चुकून म्हणायलाही जीभ धजत नाही. वीस वर्षांची सवय होती, आदल्या दिवशी कळलेलं तिकीट होतं, आणि गाणाऱ्याला एकटं सोडायचं नाही हे मास्तरांचं वाक्यही असेल. मी वर गेले आणि दोन-तीन क्षण आम्ही दोघी एकाच सुरावर होतो. खोटं कशाला बोलू, त्या दोन-तीन क्षणांसारखं सुख मला पुन्हा मिळालं नाही. मग ती खाली यायला निघाली. नेहमीच्या जागी पाऊल टाकायला गेली आणि तिथं कुणी नव्हतं. तिचा आवाज जरासा चाचपडला. मी धावत खाली आले, पण चुकीच्या सुरावर. ती थांबली. लुसीने गाताना कधी थांबत नसे.

लोकांना वाटलं, असंच असतं ते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, काही पोरं उभी राहिली. त्या टाळ्या मला अजून बोचतात. आत आल्यावर तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी पुरं करू, जान." पुढची वेळ नाही हे तिलाही ठाऊक होतं, मलाही.

त्या तीन आठवड्यांत आम्ही चार-पाचदा भेटलो. पुस्तकं बांधली, पडदे काढले, जर्दाळूच्या बिया कुंडीत लावल्या. त्या आल्या नाहीत. चल, एकदा गाऊन टाकू, असं मी म्हटलं नाही. तिनंही म्हटलं नाही. निघायच्या दिवशी सावित्रक्कानं तिला पाच किलो रागीचं पीठ बांधून दिलं, आणि "साकु, साकु", पुरे पुरे, करत लुसीनेनं ते घेतलं. टॅक्सी गेल्यावर सावित्रक्का आत गेली आणि दळण नसताना गिरणी चालू केली. मी बाहेर उभीच होते.

आता ह्याला दहा-अकरा वर्षं झाली. आमचे मेसेज आधी रोजचे होते, मग महिन्याचे, मग नाताळ आणि दिवाळीचे. तिचे वडील गेले तेही मला दोन महिन्यांनी कळलं. ग्लॅडविन मंगळुरूला परत गेला, तिथं काळा शर्ट घालतो की नाही माहीत नाही. त्या संध्याकाळचं त्यानं केलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. तिसऱ्या कडव्यापाशी ते संपतं, पुढे टाळ्या. तालमीत आम्ही ते पुरं शंभरदा गायलो असू, पण तालमी कोण साठवून ठेवतं? मला फक्त एवढंच हवं होतं इतकी वर्षं. चौथं आणि पाचवं कडवं तिच्या आवाजात एकदा, आणि खाली मी, न हलता. त्यासाठी मागं जाऊन माफी मागायचीही माझी तयारी होती. फोन करायचीच तेवढी नव्हती.

सावित्रक्का गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. केस पांढरे झालेत की पिठाचेच आहेत, ते कळेना. "आलीस?" तिनं जिन्याची किल्ली दिली. खोली लहान वाटली. घोंगड्या खिडकीवर तशाच, वाळवी लागलेल्या. अंड्यांचे पुठ्ठे कुणीतरी ओरबाडून काढले होते आणि भिंतीवर त्यांच्या गोंदाचे ठिपके राहिले होते, रांगेनं. मी घोंगडी ओढली तर दहा वर्षांचं पीठ डोक्यावर पडलं. शिंका आल्या. शिंकता शिंकता रडू आलं, आणि मग मात्र ते थांबेना.

सावित्रक्का गुडघे धरत वर आली होती. तिनं खोलीवर नजर फिरवली, मग माझ्यावर. "तिला फोन कर," ती म्हणाली. "पाडायच्या आधी खोली दाखव एकदा पोरीला."

"काय बोलू गं, अक्का? इतक्या वर्षांनी?"

"बोलू नकोस. दाखव म्हटलं मी."

सावित्रक्कासमोर वाद घालायची माझी हिंमत चौथीतही नव्हती. मी व्हिडिओ कॉल लावला. तो उचलला जाणार नाही अशी मला आशा होती आणि दुसऱ्याच घंटेला उचलला गेला. लुसीनेचे केस आखूड झाले होते, गळ्याला मऊ रुमाल गुंडाळलेला. ती हसली आणि बोलली, आणि मी फोन कानाजवळ नेला, कारण तो आवाज तिचा नव्हता. जाडाभरडा, खालून ओढून आणलेला.

"ऑपरेशन झालं गळ्याचं," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. मी बरी आहे, जान. गाणं गेलं, बाकी सगळं आहे."

फोन फिरवून मी तिला खोली दाखवली. खिडकी, ठिपके, तव्याची जागा, सावित्रक्का. सावित्रक्कानं कमरेवर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "जेवलीस का?" लुसीनेनं कन्नडमध्ये "आयतु" म्हणून सांगितलं, झालं म्हणून. ते तिला अजून येत होतं. मग सावित्रक्का खाली गेली आणि आम्ही दोघी उरलो.

"मी त्या दिवशी हलले," मी म्हटलं. दहा वर्षं पाठ केलेलं सगळं विसरून एवढंच आलं.

"हो," ती म्हणाली. "वर आलीस माझ्यापाशी. मला तिथं कधी कुणी भेटलं नव्हतं." मग ती म्हणाली, "माझ्याकडे आता एकच सूर राहिलाय. खालचा. पण तो नीट लागतो. तू गा, मी दम धरते."

"मला कुठं येतं?"

"येतं. तीन वर्षं तुझे ओठ बघत होते मी."

तिनं डोळे मिटले, रुमाल सैल केला आणि सूर लावला. खरखरीत, पण अगदी जागेवर. दोन सेकंद तो त्या रिकाम्या खोलीत भरून राहिला. मग विरत विरत गेला. ऑफिसात माझं कामच फोनवरचा आवाज साफ करायचं आहे, मला कळलं काय झालं ते. फोनला माणसाचं बोलणं कळतं, पण एकाच जागी ठरलेला आवाज त्याला पंख्याचा वाटतो, आणि फोन तो गाळून टाकतो. तिच्या फोनवरचं एक बटण बंद केलं असतं तर झालं असतं. पण त्यासाठी तिला थांबवावं लागलं असतं. समोर तिच्या गळ्याची शीर ताणलेली दिसत होती, ऑपरेशनच्या व्रणाखाली. तोंड किंचित उघडं. ती धरून होती.

मी पहिलं कडवं सुरू केलं. माझा आवाज काही तिच्यासारखा नाही, पेटी वाजवणाऱ्या बाईचा आवाज आहे. दुसरं कडवं. खाली काहीच ऐकू येत नव्हतं आणि मी तिच्या शिरेकडे बघत होते. तिसऱ्यात चाल वर गेली, मी गेले, तिथं थांबले, जेवढं थांबायचं तेवढं. उतरायला निघाले. मग पाऊल टाकलं, जिथं टाकायचं तिथं, आणि ते टेकलं. चौथं झालं. पाचव्यात तिनं एकदा श्वास चोरला, माझ्या आवाजाच्या आडोशाला. खांदा हलला म्हणून दिसलं. शेवटचं अक्षर मी तिच्या सुरावर आणून सोडलं आणि गप्प झाले. ती आणखी थोडा वेळ तशीच होती, दम धरणाऱ्यानं राहायचं असतं तशी, मग तिनं तोंड मिटलं.

डोळे उघडून ती धापा टाकत हसली. "ऐकू येत होता ना माझा सूर?"

"हो," मी म्हटलं. "शेवटपर्यंत."